त्रिंबक मेंढक्याची आइसलंडी खूण

वडीगोद्रीला हायवेवर राधेश्यामचं चहाचं हॉटेल आहे. तिथल्या टीव्हीवर एकदा शिंगांचे टोप घातलेले दाढीवाले लोक जहाजातून उड्या मारताना दिसले, आणि बाकावर चहा पीत बसलेला एक मेंढका एकाएकी तापला. "झूट हाय हे," तो म्हणाला. "त्यांच्या टोपाला शिंगं नव्हती. बिलकुल नव्हती. नाटकवाल्यांनी मागून चिकटवली ती." चहाला थांबलेले ट्रकवाले बघतच राहिले. खांद्यावर घोंगडी, बगलेत काठी, आणि माणूस नॉर्वेच्या टोपांवरून भांडतोय! राधेश्यामला सवय होती. तो ट्रकवाल्यांना म्हणाला, "त्यांच्या नादी लागू नका, भाऊ. एकदा सुरू झाले की तुमची गाडी उद्याच निघंल."

हा मेंढका म्हणजे त्रिंबक. वय अठ्ठावन्न, दहावी नापास. नापास गणितात, इतिहासात नव्हे, हे तो न विचारता सांगतो. घरी बायको इंद्रायणी, दोन कुत्री आणि शंभराच्या आतबाहेर मेंढ्या. एकुलती एक मुलगी मोनिका, तिचं दोन वर्षांपूर्वी लग्न झालं. गावात कुणी भागवत वाचतं, कुणी पेपर वाचतं, बाकीचे मोबाइल वाचतात. त्रिंबक वाचतो उत्तर ध्रुवाखालच्या लोकांचा इतिहास. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, आइसलंड, आणि त्यांच्याही वर बर्फात हरणं राखणारे सामी लोक. कुठं अंबड तालुका आणि कुठं आइसलंड! पण माणसाला नाद कशाचा लागेल ते सांगता येत नाही, आणि ज्याला कसलाच नाद नाही त्याच्याशी दोन तास गप्पा मारून बघा म्हणजे नादाची किंमत कळते.

नाद लावला मुकुंदरावांनी. ते तेव्हा इथं कालव्याच्या कचेरीत साहेब होते. त्रिंबकच्या मेंढ्यांनी कालव्याकाठची लावलेली रोपं खाल्ली म्हणून साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. साहेबांच्या टेबलावर एक इंग्रजी पुस्तक उघडं पडलेलं, पानभर फोटो, बर्फात उभा असलेला माणूस आणि भोवती हरणंच हरणं. साहेब कायद्याचं कलम शोधत होते, तेवढ्यात त्रिंबक म्हणाला, "साहेब, यांच्या कानाला खूण हाय."

मुकुंदरावांनी ते पुस्तक दोनदा वाचलं होतं. कान त्यांना दिसले नव्हते. त्यांनी भिंग काढून बघितलं, तर खरंच प्रत्येक हरणाचा कान कापलेला, कुणाचा शेंडा, कुणाची कड. मग कलम बाजूला राहिलं आणि चहा आला. मुकुंदराव रिटायर होऊन अंबडला राहायला गेले तरी त्रिंबक बाजारच्या दिवशी त्यांच्याकडं जायचा तो जायचाच. मराठीतली पुस्तकं थोडी, ती त्यानं तीन-तीनदा वाचली. हिंदीतली दोन वाचली. इंग्रजीतलं ते फोटोंचं पुस्तक मुकुंदराव समोर धरून मराठीत सांगायचे. त्यांच्या बायको, उमाताई, आतून म्हणायच्या, "अहो, त्यांना जेवायला तरी उठू द्या."

इतकं वाचून त्रिंबकचं एक मत पक्कं झालं. ते असं की हे लोक म्हणजे मुळात धनगर. नावा नंतर आल्या. "लूटमार केली चार तरण्यांनी, अन् बदनाम झाला सगळा मुलूख," तो राधेश्यामला सांगायचा. "घरी कोण होतं? मेंढ्या होत्या. बाया लोकर कातत होत्या. नावेचं शीड कशाचं होतं ठावं हाय? लोकरीचं! मेंढी नसती तर कुठं गेले असते नाव घेऊन?" यावर राधेश्याम दुसरा चहा ओतायचा. उत्तर फक्त इंद्रायणीकडं असायचं. ती म्हणायची, "तिकडच्या बायांनी शीड विणलं, लई चांगलं केलं. हितं मेंढरं कोंडायची जाळी सुटून राह्यली, तुमी तिला गाठ मारा." आणि तो उठून गाठ मारायचा. भांडण त्या घरात फार पुढं जात नसे.

आता मुद्द्याचं सांगतो. तीन वर्षांमागं त्रिंबक आणि त्याचा थोरला भाऊ तातेराव वेगळे झाले. तंटा नाही, बखेडा नाही, मेंढरं वाटून घेतली. पण कानाची खूण वाटता येत नाही. बापाची खूण थोरल्याकडं राहते, धाकट्यानं नवी काढायची, अशी या भागातल्या मेंढक्यांची रीत. नवी खूण काढली की दिवाळीच्या पाडव्याला, मेंढ्या पुजायला सगळे जमतात तेव्हा, एक कोकरू पुढं करून चार गावच्या लोकांना त्याचा कान दाखवायचा. कुणाची तशीच खूण असेल तर तो तिथंच बोलतो, आणि मग बदलावी लागते. रीत साधी आहे, आणि मोठ्या शहाणपणाची आहे. कारण कळप मिसळले तर पुढं एकच कायदा: खूण ज्याची, मेंढी त्याची.

त्रिंबकनं काय करावं? त्या इंग्रजी पुस्तकात दोन पानं भरून कानांची चित्रं होती. आइसलंडमधल्या घराण्यांच्या खुणा, एकेका घराण्याची एकेक. त्यातली एक त्याच्या मनात भरली. उजव्या कानाचा शेंडा उडवलेला आणि मागच्या कडेला एक चावा. त्यानं ती वहीच्या पानावर उतरवून घेतली आणि त्या वर्षीच्या कोकरांचे कान तसे कापले. तातेरावानं विचारलं, "दाखवली का चौघांना?"

"दादा, समुद्रापलीकडची खूण हाय ती," त्रिंबक म्हणाला. "हजार वर्षांपूर्वीची. गोदाकाठी कुणाची निघणार?"

आणि पाडव्याला तो गेला, पूजा केली, जेवला, आणि कान न दाखवता परत आला. आता याला काय म्हणावं? कान तो किती मोठा, आणि तो कापायच्या तऱ्हा त्या किती! चार बोटांच्या कातड्यावर देव तरी किती वेगवेगळी नक्षी काढणार? पण पुस्तक डोक्यात गेलं की माणसाला जवळचं दिसत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं होतं. कळसा होता त्याच्या इवायाच्या काखेत.

इवाई म्हणजे मोनिकाचा सासरा, सुग्रीव. घनसावंगीच्या अंगाला गोदाकाठी त्याचं गाव, तीनशे मेंढरांचा धनी, बोलायला कमी आणि मानाला जड. मोनिकाचं लग्न उन्हाळ्यात झालं, तेव्हा सुग्रीवची मेंढरं नदीपल्याड बीडकडं चरायला गेल्ती. त्यामुळं त्रिंबकनं इवायाचं घर पाह्यलं, दार पाह्यलं, बैल पाह्यले, पण मेंढरांचे कान काही पाह्यले नाहीत.

यंदा फाल्गुनात शहागडजवळ दोन्ही कळप एकाच रानात आले. सुग्रीव पल्याडून पुलावरून आला, त्रिंबक आणि इंद्रायणी अलीकडच्या अंगाला होते. दोघं इवाई भेटले, पाणी पिले, तंबाखू झाली. आणि रस्त्यावरून एक ट्रक असा हॉर्न वाजवत गेला की दोन्हीकडची मेंढरं उधळून एकमेकांत शिरली. यात घाबरण्यासारखं काही नसतं. मेंढकी माणसं चहा पिता-पिता मेंढरं निवडतात. मोठ्या मेंढ्या पटकन निघाल्या, कारण त्रिंबकच्या मोठ्या मेंढ्यांना तातेरावाची जुनी खूण होती. मग राहिली तरणी मेंढरं. सुग्रीवनं एकीचा कान हातात धरला. दुसरीचा धरला. मग त्रिंबकनं हाकत बाजूला काढलेल्या एकीचा धरला आणि सोडलाच नाही.

"पाव्हणं, ही खूण आमची हाय," तो म्हणाला.

त्रिंबकनं पाह्यलं. शेंडा उडवलेला, मागं एक चावा. सुग्रीवच्या उरलेल्या साठ-सत्तर तरण्या मेंढरांच्या कानालाही तेच.

"माझ्या बापाची खूण हाय," सुग्रीव म्हणाला. "त्याच्याबी बापाची हाय. तुमच्या मेंढरांला कशी आली?"

आता हे सांगायचं कसं? आइसलंडातून आली म्हणून? त्रिंबक नुसता तो कान उलटा-सुलटा करून बघत राहिला. इंद्रायणी मात्र पुढं झाली आणि म्हणाली, "आमची बावीस हायेत, मी एकेक तोंड ओळखते." सुग्रीवनं मान हलवली. "तोंडाचा कायदा न्हाई, इहीणबाई. खुणेचा हाय. खूण चोरत्यात ते कशासाठी, हे तुमालाबी ठावं हाय अन् मलाबी." एवढं बोलून त्यानं ती बावीसही आपल्या मेंढरांत हाकली आणि निघाला. जाताना म्हणाला, "परवा आमच्या गावच्या पारावर लोक बसतील. काय असंल ते तिथं बोला."

मेंढरांचं दुःख होतंच. पण मेंढक्याला मेंढ्या गेल्यापेक्षा नाव गेलेलं जास्त लागतं. खूणचोर म्हणून एकदा नाव पडलं की कुणी त्याच्याशेजारी मेंढरं बसवत नाही, त्याच्या रानावरून सुद्धा फेर घालून जातात. आणि त्याच्यापेक्षा वाईट म्हणजे मोनिका. संध्याकाळी तिचा फोन आला, आईला. "माय, मामा जेवायला बसले तर मला वाढू देईनात. सासू म्हणल्या, ताट ठिव अन् जाय. काय झालं, कुणी सांगून न्हाई राह्यलं." इंद्रायणीनं काहीबाही सांगून फोन ठेवला आणि नवऱ्याकडं पाह्यलं. मग उठून जाळीच्या गाठी स्वतःच मारायला गेली. ती बोलली असती तर त्रिंबकला बरं वाटलं असतं.

सकाळी तातेराव आला. भाऊ वेगळा झाला तरी भाऊच. त्यानं तोड काढली होती. "आपल्या आज्याच्या चुलत्याची अशीच खूण होती म्हणून सांग. मी हाव म्हणतो, आणखी दोघं हाव म्हणतील. खूण दोघांची निघाली की मिटलं."

त्रिंबकला ते बराबर वाटलं. खोटं सांगतो कशाला, चांगलंच वाटलं. जेवून तो लिंबाखाली बसला, आणि मन लागेना म्हणून मराठीतलं एक पुस्तक उघडलं. वाचलेलंच होतं. त्यात त्या लोकांच्या जुन्या कायद्याचं एक पान आहे. तिकडं एखाद्यानं माणूस मारला तर त्यानं जवळच्या वस्तीवर जाऊन आपल्या तोंडानं सांगायचं, मी मारला. सांगितलं तर पुढं पंच बसतात, भरपाई ठरते, माणूस माणसात राहतो. लपवलं तर मात्र त्याला क्षमा नाही, तो नीच ठरला. त्रिंबकनं ते पान आधी तीनदा वाचलं होतं आणि तीनदा म्हणाला होता, वा, काय कायदा हाय. चौथ्यांदा वाचताना त्याला तातेरावाची तोड आठवली. पुस्तक मिटलं, उठला आणि अंबडची जीप धरली.

मुकुंदरावांनी सगळं ऐकलं आणि चपला घालायला लागले. "मी येतो तुमच्याबरोबर. मी सांगतो त्यांना."

"नको साहेब," त्रिंबक म्हणाला. "तुमी आलात तर म्हणतील वकील आणला. मला फक्त ते फोटोचं पुस्तक द्या."

तिसऱ्या दिवशी तो एकटाच घनसावंगीकडं गेला, पुस्तक घोंगडीत गुंडाळून. पारावर वीस-पंचवीस माणसं बसली होती. मधे संपतबुवा, सगळ्यांत वडील, त्यांचा शब्द दोन्ही काठांवर चालतो. रीत अशी की ज्याची तक्रार तो आधी बोलतो. सुग्रीव घसा खाकरून तयार झाला. पण त्रिंबक बसलाच नाही. उभ्या-उभ्याच म्हणाला, "बुवा, मी आधी बोलतो. खूण सुग्रीव इवायाची हाय. मी कापली. पाडव्याला दाखवायची होती, मी दाखवली न्हाई. माझ्या मनात चोरी नव्हती, पण चूक माझीच हाय."

पारावरचे एकमेकांकडं बघायला लागले. भांडायला आलेल्या माणसांना भांडणच उरलं नाही की असं होतं. संपतबुवा म्हणाले, "दाखवली कामून न्हाई? अन् आणली कुठून?"

त्रिंबकनं घोंगडी सोडली आणि पुस्तक पारावर ठेवलं. "ह्यातून. मला वाटलं, समुद्रापल्याडची हाय, हितं कुणाची नसंल."

दोघं-तिघं हसले. मग पुस्तक जवळ ओढलं गेलं, आणि हसणं थांबलं. ती दोन पानं वाचायला अक्षर लागत नव्हतं. पंचवीस माणसं जन्मभर कानच वाचत आली होती. एक जण म्हणाला, "ही तर आमची." दुसऱ्यानं बोट ठेवलं, "अन् ही तुझ्या चुलत्याची." संपतबुवांनी चष्मा लावून आपली शोधली, आणि सापडली तेव्हा लहान पोरासारखे खूश झाले. पुस्तक फिरत-फिरत सुग्रीवपुढं आलं. त्यानं आपली खूण शोधली आणि तिच्यावर अंगठा ठेवला.

"माझ्या बापाची खूण हितं कशी आली?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

"तिकडं बी कुणाचा तरी बाप असंल, पाव्हणं," त्रिंबक म्हणाला.

सुग्रीवनं मान वर केली. मग घराकडं बघून हाक मारली, "सूनबाई! हिकडं या. तुमाला इंग्रजी येतं न्हाई का?"

मोनिका डोक्यावर पदर घेऊन आली. पाराच्या कडेला उभी राहिली, बापाकडं एकदा पाह्यलं, आणि खुणांखालचा मजकूर वाचायला लागली. एक ओळ वाचायची आणि मराठीत सांगायची, अडली की थांबून विचार करायची. उन्हाळा संपला की ते लोक डोंगरावरची सगळी मेंढरं खाली आणतात. दगडाचा गोल वाडा असतो, त्यात कोंडतात. मग गावचे गाव येतात आणि जो तो कान बघून आपली निवडतो. गाणी म्हणतात, जेवतात. खूण बापाकडून लेकाला जाते. लेकीची सुद्धा वेगळी खूण असते, तिच्या मेंढरांना. सासऱ्यापुढं सूनबाई बसत नाही, पण वाचता-वाचता ती कधी पाराच्या कट्ट्यावर टेकली ते तिच्याही ध्यानात आलं नाही, आणि कुणी टोकलंही नाही. त्रिंबकला मात्र ते दिसलं, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्याला नीट श्वास आला.

संपतबुवांनी निवाडा केला. खूण सुग्रीवची. त्रिंबकनं रीत मोडली, म्हणून येत्या दिवाळीच्या पाडव्याला सगळ्या मेंढक्यांना जेवण घालायचं. मेंढरांचं काय ते सुग्रीवनं सांगायचं.

"त्यांनी ओळखून घ्यावी," सुग्रीव म्हणाला. "मी बोलणार न्हाई."

सुग्रीवची सगळी तरणी मेंढरं, त्यात मिसळलेल्या त्या बावीसांसकट, वाड्यातून बाहेर काढली. त्रिंबक त्यांच्यात शिरला. ही लंगडीची, ही पांढऱ्या नाकाची, ही जुळ्यांतली, असं करत एकोणीस निघाली. बावीसला तीन कमी पडली, आणि उरलेल्यांत तीनच अशी होती की आपली का इवायाची ते त्याला ठरेना. ती तीन त्यानं पुढून पाह्यली, मागून पाह्यली, आणि हात झटकून म्हणाला, "ह्या मला ओळखू येईनात. इंद्रायणी असती तर तिनं ओळखल्या असत्या. मी सांगितलं तर अंदाजानं होईल. तुमच्यात ठेवा."

सुग्रीवनं त्या तिन्ही पाह्यल्या. "मला बी येईनात," तो म्हणाला. मग त्रिंबकच्या एकोणीसांतल्या एकीचा कान हातात घेऊन तो म्हणाला, "नवी खूण हुडकत फिरू नका आता. आमचीच ऱ्हाऊ द्या, फक्त डाव्या कानाला एक चिरा द्या. आमच्यात भाऊ वेगळा झाला की असंच देत्यात."

त्रिंबक चोर म्हणवून घ्यायला आला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यानं लपवलंही नाही. "बराबर हाय, पाव्हणं," एवढंच त्याला म्हणता आलं.

"अन् ह्या तीन?" संपतबुवांनी विचारलं.

सुग्रीव पाराकडं वळला. "ह्या सूनबाईच्या," तो म्हणाला. "दोन्हीकडच्या असतील तर तिच्याच. त्या पुस्तकात लेकीची खूण असती म्हणून तिनंच वाचलं. घ्या, हुडकून सांगा तुमाला कोणती पाह्यजे."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. बाईच्या नावानं खूण त्या पारावर कुणी कधी मागितली नव्हती आणि दिली नव्हती. मोनिकानं पुस्तक मांडीवर घेतलं, ती दोन पानं एकदा पाह्यली, आणि पहिल्या पानापासून उघडलं.

"आधी सगळं वाचते, मामा," ती म्हणाली. "मंग सांगते."